हार्मेनरावांनी मैदानात फावडे रोविले त्याचे वर्तमान

श्री.

जे पाणी माथ्यावर आहे त्यास नमन, आणि जी माती त्यास अडवून उभी आहे तीस दोनदा नमन. शके एकोणीसशे अठरा, धाता नाम संवत्सरे, वैशाख मासी वलंदेजांचे, म्हणजे डच लोकांचे, मुलुखात समुद्रकाठच्या एका लहान राज्यावर बुडण्याची वेळ आली. त्या वेळी सरदार हार्मेनराव टेर्पस्त्रा यांनी काय केले आणि काय केले नाही हे लिहून ठेवावे, ऐसी चार मंडळींची इच्छा जाहली. ऐसियास जे डोळां देखिले ते, आणि जे भरवशाच्या माणसांनी सांगितले ते, लिहितो. अक्षरे उशिरा शिकलो, चूकभूल पोटात घालावी.

तो मुलूख ऐसा की समुद्र वर आणि जमीन खाली. लोकांनी मातीचे उंच बंध घालून समुद्रास बाहेर ठेविले आणि आत गाई चारल्या, आणि बंधाचा एकेक तुकडा एकेका घराकडे राखणीस दिला. आपला तुकडा आपण राखावा. दुसऱ्याचे तुकड्यावर जाऊन शहाणपण करू नये, कारण तेवढ्यात आपला फुटतो. आणि ज्यास राखणे जमेना त्याने आपले फावडे, त्या मुलुखात त्याचे पाते सरळ असते, बंधात रोवावे आणि अंगावरचे कपड्यांनिशी चालते व्हावे; घर, जमीन, गुरे सर्व मागे ठेवावे आणि पुन्हा त्या तुकड्यावर पाय ठेवू नये. मग जो ते फावडे उपटील त्याचेच घर, त्याचीच जमीन आणि त्याचाच बंध, आणि त्याने तो सोडून कोठे जाऊ नये. हा कायदा फार पुरातन. दरबारी कागदांतून तो केव्हाच गेला होता, परंतु समुद्रकाठची माणसे हट्टी, ती मनातून पाळीत.

हार्मेनराव लहान असता मोठे पाणी आले आणि त्यांचे चुलते व दोन बैल वाहून गेले. तीर्थरूप येल्ले टेर्पस्त्रा एकटे उरले. तुकडा लांब आणि हात दोन. दोन हिवाळे त्यांनी एकट्याने माती ओढली आणि मग एके सकाळी गावादेखत फावडे बंधात रोविले. शेजारी बोट्टेमा म्हणून होते, ते म्हणाले, "येल्ले, राहा रे. आपण दोघे मिळून पाहू." येल्ले यांनी फावड्यावरचा हात काढिला. मुलास खांद्यावर घेतले आणि चालू लागले, आणि स्त्री आउक्येबाई मागोमाग चालल्या. बापाने मागे वळून पाहिले नाही. मुलाने खांद्यावरून पाहिले. बोट्टेमा बराच वेळ फावड्याकडे पाहात उभे होते आणि मग त्यांनी ते उपटले. पुढे बोट्टेमा मरेतो त्या बंधावर राहिले; मुलीचे लग्न परगावी जाहले तिकडेही गेले नाहीत.

त्या मुलुखाचे लोकांस तलवारीचा कंटाळा आला होता, म्हणून त्यांनी चेंडूवर लढाई नेमली होती, आणि ऐसी फौज बाळगणाऱ्या मंडळास राज्य म्हणत. अकरा असामी इकडे आणि अकरा तिकडे; चेंडूस लाथ मारावी, हात लावू नये; हात लावण्याचा अधिकार एका वेशीचे रखवालदारास. वेस म्हणजे तीन दांडे आणि मागे जाळे. चेंडू जाळ्यात गेला की गोल, आणि एका गोलापायी शहाणीसुरती माणसे रस्त्यात रडत. लढाई पावणेचार घटकांची, मध्ये लिंबाच्या फोडी खाण्याइतकी विश्रांती, आणि काळे वस्त्रांचा पंच शिटी घेऊन मध्ये धावे, त्यास दोन्हीकडचे लोक शिव्या देत. हार्मेनराव या विद्येत लहानपणापासून तयार जाहले, आणि ऐन तारुण्यात राजधानीच्या मोठ्या राज्याने त्यांस बोलावून घेतले आणि डाव्या बाजूची राखण सांगितली. दहा वर्षे त्या बाजूने कोणी गेला नाही. मग मोठ्या करंडकाची शेवटली लढाई आली. राजधानीचे राज्य एका गोलाने पुढे होते, आणि हार्मेनरावांस वाटले की आपणही एकदा सुंदर गोल करावा. ते आपला तुकडा सोडून पुढे धावले. शत्रूने त्याच फटीतून शिरून दोनदा जाळे हलविले आणि करंडक गेला. त्या मुलुखात सुंदर खेळून हरणे हे वाईट खेळून जिंकण्याहून थोर मानितात, म्हणून राजधानीचे लोक म्हणाले, "हरलो, परंतु काय सुंदर हरलो." हार्मेनराव नळाखाली तोंड धूत होते. ते म्हणाले, "सुंदर तुम्ही म्हणा. फट माझी होती."

त्याउपरि गुडघा गेला आणि खेळणे संपले, आणि हार्मेनराव सरदारी, म्हणजे फौजेस शिकवून लढविणे, करू लागले. उन्हाच्या मुलुखात गेले, तेथे एक साल मान मिळाला आणि दुसऱ्या साली निरोप मिळाला. वाळूच्या मुलुखात गेले, तेथील अमीर दर सामन्यास आपला पुतण्या खेळवा म्हणत, ते ऐकले नाही म्हणून तेथूनही निघाले. जेथे गेले तेथे एकच शिकविले, की ज्याने त्याने आपला तुकडा राखावा. काही ऐकत, काही कंटाळत. मग केस पिकल्यावर स्वतःच्या गावच्या राज्याचे बोलावणे आले. ते राज्य लहान. मैदान बंधाखाली, इतके खाली की समुद्राची गलबते प्रेक्षकांच्या डोक्यावरून जाताना दिसत. निशाण पिवळे आणि मातकट. राज्याच्या मुखत्यार टीत्स्केबाई म्हणून होत्या, मासळीबाजारात तीस वर्षे लिलाव पुकारलेल्या, आवाज खणखणीत आणि रडणे ठाऊक नाही. त्या बंधाचे वाटेवर हार्मेनरावांस भेटल्या आणि म्हणाल्या, "या. पगार थोडा आहे आणि वारा पुष्कळ आहे." आणि हार्मेनराव आले.

आता बुडण्याची वेळ कशी आली ते. अठरा राज्यांची एक पंक्ती होती आणि साल सरता जे तळाशी राहील त्याने खालच्या पंक्तीत उतरावे ऐसा नियम. हे राज्य त्या साली तळाशी घसरत आले. आणि दोन गावांच्या वडील मंडळींनी मिळून ठरविले होते की हे राज्य उतरले तर ते खाडीपलीकडच्या शेजारी राज्यात मिळवावे. नाव जावे, निशाण जावे, मैदानावर बटाट्याची वखार बांधावी. खाडीपलीकडच्या लोकांशी यांचे पिढ्यानपिढ्या बोलणे नव्हते. शेवटली लढाई पूर्वेकडच्या विटांच्या गावाशी होती आणि ती आपल्याच मैदानात होती. बरोबरी जाहली तर राज्य राहते, हार जाहली तर बुडते. आणि विटांचे गाव त्या साली जबर होते.

फौजेचा नाईक सीब्रेन बोट्टेमा, त्याच बोट्टेमांचा नातू, वय पंचवीस. पायात जादू आणि जिभेस हाड नाही. राजधानीच्या मोठ्या राज्याने त्यास बोलाविले होते आणि लढाई होताच तो जाणार हे गावात सर्वांस ठाऊक होते. लोक म्हणत, पाखरू आहे, उडणारच. हार्मेनराव त्यास काही बोलत नसत, कारण त्या वयात ते स्वतःही गेले होते.

लढाईचे आधीचे बुधवारी हार्मेनरावांनी सर्वांस कपडे बदलण्याचे खोलीत बसविले आणि मसलत सांगितली. त्या मुलुखात हुकूम म्हणजे वादाची सुरुवात. सरदार बोलला की प्रत्येकाने आपले मत द्यावे आणि शेवटी हात वर करावे, ऐसा रिवाज. हार्मेनराव म्हणाले, "रविवारी कोणी आपला तुकडा सोडायचा नाही. सर्वांनी वेशीपुढे उभे राहायचे. चेंडू आला की लांब मारायचा. बरोबरी पुरे आहे."

सीब्रेन बुटाची नाडी बांधत होता. तो मान वर न करिता म्हणाला, "आणि लोक काय पाहतील? भिंत?"

"जन्मभर भिंतीखाली झोपतात. एक दिवस पाहिली तर बिघडत नाही."

वेशीचा रखवालदार डाउवे म्हणून होता, देह मोठा आणि बोलणे संथ. तो म्हणाला, "मला विचाराल तर मला भिंत चालेल. चेंडू शेवटी मलाच लागतात." तेव्हा दोघेतिघे हसले. परंतु सीब्रेन हसला नाही. तो उभा राहिला आणि म्हणाला, "हार्मेनराव, आपण पहिल्यापासून माघार घेतली तर ते साऱ्या पावणेचार घटका आपल्यावर चढत राहतील आणि एकदा तरी आत घुसतील. एकदा पुरे आहे. आपण आधी मारले पाहिजे." हार्मेनराव म्हणाले, "पुढे जाल तर मागे फट पडते." यावर सीब्रेन जे बोलला ते खोलीत कोणास आवडले नाही आणि कोणास खोटेही वाटले नाही. तो म्हणाला, "तुमची एक फट पडली होती. वीस वर्षे तुम्ही तीच बुजवीत आहा. पहिल्याने उन्हाच्या मुलुखातल्या पोरांना घालून बुजविली, आता आम्हांस घालता."

 नळ गळत होता तो डाउवेने उठून बंद केला. हार्मेनराव म्हणाले, "हात वर करा." आणि बहुतेक हात सीब्रेनच्या बाजूस गेले. डाउवेनेही थोडा वेळ छताकडे पाहिले आणि मग हात तिकडेच केला.

हार्मेनराव उठून बाहेर गेले. मैदानाचे कडेस गवताचे खड्डे बुजविण्याचे फावडे ठेविलेले होते. ते त्यांनी उचलले, मैदानाचे मध्यावर जे चुन्याचे वर्तुळ आखितात तेथे गेले, आणि पायाने दाबून फावडे मातीत रोविले. सर्व असामी दारातून पाहात बाहेर आले. वारा उत्तरेचा होता आणि बंधापलीकडे पाणी चढते होते. हार्मेनराव म्हणाले, "कायदा सर्वांस ठाऊक आहे. जो उपटील त्याची मसलत आणि त्याची फौज, आणि रविवारी बुडालो तर त्याचे नाव. पण मग त्याने हे मैदान सोडून कोठे जायचे नाही." हे शेवटले बोलताना त्यांनी सीब्रेनकडे पाहिले.

त्यांचे मनात काय होते ते त्यांनी पुढे आपल्या मातुश्रींस सांगितले, म्हणून कळले. त्यांस वाटले की राजधानी हाती आलेली असता हा पोरगा बटाट्याच्या वखारीचे मैदान गळ्यात बांधून घेणार नाही. इतरांची छाती नाही. घटकाभर वारा खाऊन सर्व आत येतील, मी फावडे काढून जागेवर ठेवीन, आणि मसलत माझी चालेल. बोट्टेमांच्या घरचा मुलगा ही गोष्ट कशी ऐकून मोठा जाहला असेल, इतके मात्र त्यांनी मनात आणिले नाही.

डाउवे म्हणाला, "सरदार, ते काढा. गवत खराब होते आहे." कोणी हसले नाही. मग सीब्रेन चालत मध्ये गेला. फावड्याजवळ थांबला, आणि जितका वेळ त्याचा आजा थांबला होता तितका वेळ थांबला असेल, आणि दोन्ही हातांनी ते उपटले.

हार्मेनरावांचे तोंड पांढरे जाहले. परंतु शब्द गेला होता. त्यांनी गळ्यातील शिटी काढून गवतावर ठेविली, खिशातून खोलीच्या किल्ल्या काढून शिटीजवळ ठेविल्या. तेव्हा सीब्रेन घाबरला आणि हळू आवाजाने म्हणाला, "अहो, राहा की. माझ्या शेजारी बसा. कोण पाहतो?" हार्मेनराव म्हणाले, "तुझा आजा माझ्या बापास राहा म्हणाला होता," आणि फाटकाकडे चालू लागले.

टीत्स्केबाईंस वर्तमान कळताच त्या हातातील काम टाकून धावत फाटकावर आल्या. म्हणाल्या, "हा काय पोरखेळ मांडला आहे? तो कायदा माझ्या पणज्याच्या वेळी मेला."

"कायदा मेला असेल. फावडे मी रोविले."

"मी तुम्हांस काढलेले नाही."

"तुम्ही काढले असते तर सोपे होते."

"अहो, चार दिवसांवर लढाई आहे. लोक मला विचारतील, सरदार कोठे आहे? मी काय सांगू?"

हार्मेनरावांनी वर पाहिले आणि म्हणाले, "बंधावर आहे म्हणून सांगा." आणि गेले. त्यांची सायकल आत छपराखाली होती, तीही घेतली नाही.

त्या चार दिवसांत गावात दोन तट जाहले. एक म्हणे हार्मेनरावांनी राज्य टाकिले, दुसरा म्हणे पोराने राज्य लुबाडिले, आणि दोन्ही तटांचे लोक पावाच्या दुकानात एकमेकांस आधी वाट देईनात. सीब्रेनने राजधानीस कळविले की येणे होत नाही. डाउवेने त्यास विचारिले, "काय म्हणाले ते?" सीब्रेन म्हणाला, "वेड लागले का म्हणून विचारले." डाउवे म्हणाला, "मग तू काय म्हणालास?" तो म्हणाला, "रविवारी कळेल म्हणालो."

मग रविवार उजाडला. विटांचे गाव तांबडी निशाणे घेऊन आले आणि त्यांचे ढोल खाडीपलीकडे ऐकू गेले. मैदान भरले. आणि मैदानाचे बाहेर, वर बंधावर, ज्यांस तिकीट काढणे नको असते ती मंडळी नेहमीप्रमाणे बसली. त्यांत हार्मेनरावांच्या मातुश्री आउक्येबाई घडीची खुर्ची मांडून, मांडीवर घोंगडी आणि थर्मासात कॉफी घेऊन बसल्या होत्या. वय पंचाहत्तरीचे, नजर घारीची. हार्मेनराव येऊन शेजारी उभे राहिले. आउक्येबाई म्हणाल्या, "तुझ्या बापाने तरुणपणी रोविले. तुला म्हातारपणी सुचले." हार्मेनराव खाली मैदानाकडे पाहू लागले. त्या म्हणाल्या, "कॉफी घे. हात गारठले तुझे." त्यांनी हात खिशात घातले.

शिटी वाजली आणि लढाई जुंपली, आणि सीब्रेनने आपले म्हणणे खरे करून दाखविले. असामी पुढे चालले, चेंडू एका पायावरून दुसऱ्या पायावर ऐसा गेला की विटांचे गाव नुसते वळून पाहात राहिले, आणि पहिली घटका सरते वेळी सीब्रेनने दोघांस चुकवून चेंडू जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मारिला. मैदानातून जो आवाज उठला त्याने बंधावरची पाखरे समुद्राकडे उडाली. टीत्स्केबाईंनी शेजारच्या परक्या माणसाचे मुके घेतले. आउक्येबाई म्हणाल्या, "सुंदर." हार्मेनराव म्हणाले, "उजवीकडे फट आहे." त्या म्हणाल्या, "तुला मेल्यावरही दिसेल."

विश्रांती जाहली आणि लढाई पुन्हा जुंपली. विटांच्या गावचा सरदार काही मूर्ख नव्हता. त्याने आपले दोन जलद असामी त्याच उजव्या फटीवर सोडले, आणि सर्वजण पुढे गेलेले असता ते तेथून शिरले, आणि डाउवे पुढे झेपावला त्याचे हाताखालून चेंडू आत गेला. बरोबरी जाहली. आता हीच बरोबरी टिकविली तर राज्य राहते, आणि एक घटका बाकी होती. परंतु असामींस पुढे धावण्याची चटक लागली होती, थांबता येईना. पुन्हा पुढे गेले आणि पुन्हा मागे मोकळे पडले. एकदा चेंडू दांड्यावर आपटून परत आला. एकदा डाउवेने पायाने अडविला आणि पडल्या जागी बराच वेळ पडून राहिला. मैदानातले गाणे बंद पडले. माणसे दातांनी हातमोजे चावू लागली.

तेव्हा चेंडू बाहेर गेला असता सीब्रेन मध्ये थांबला, कमरेवर हात ठेविले, आणि वर बंधाकडे पाहिले. त्याने पाहिले म्हणून डाउवेने पाहिले, आणि टीत्स्केबाईंनी पाहिले, आणि हळूहळू सर्व मैदानाने माना वर करून बंधावरचा तो एक माणूस पाहिला.

आउक्येबाई म्हणाल्या, "हात वर कर."

हार्मेनराव उभे होते तसेच राहिले.

"अरे, नुसता हात वर कर. मागे या म्हण. पोर विचारतो आहे."

"तुकडा त्याचा आहे."

"राज्य बुडते आहे, हार्मेन."

"दिसते आहे मला."

"मग?"

"आता हात वर केला तर बुधवारी मी फावडे रोविलेच नाही ऐसे होते. नुसता धाक घातला ऐसे होते."

"तू धाकच घातला होतास."

"होय," हार्मेनराव म्हणाले. "पण त्याने खरे मानले."

आणि हात खिशातच ठेविले. त्या वेळी त्यांचे कपाळावर त्या वाऱ्यात घाम होता हे शेजारच्या मंडळींनी पाहिले. खाली सीब्रेनने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्याने मान खाली घातली आणि मैदानाकडे वळला. त्याने एकेकास नावाने हाक मारिली आणि हाताने जागा दाखविली, "तू तेथे. तू तेथे. कोणी हलायचे नाही. आपापला तुकडा." आणि ज्या उजव्या फटीत उभे राहणे नाईकास कमीपणाचे, जेथे चिखल होता आणि कीर्ती नव्हती, तेथे तो स्वतः जाऊन उभा राहिला.

मग जे जाहले ते सुंदर नव्हते. विटांचे गाव लाटांसारखे येत होते आणि हे दहा जण वेशीपुढे उभे राहून पायाने, छातीने, डोक्याने चेंडू बाहेर फेकीत होते. कोणी पडला तर उठेतो शेजारचा जागा सोडीत नसे, नुसता हात पुढे करी.  एक बाई डोळे मिटून नवऱ्यास विचारीत होती, "अजून आहे का? अजून आहे का?" पंचाने घड्याळ पाहिले. तेव्हा विटांच्या गावचा शेवटला हल्ला आला. डाउवे एका चेंडूस झेपावला आणि तो त्याचे हातातून निसटून दुसऱ्या शत्रूचे पायाशी गेला. वेस उघडी पडली. त्याने जोराने मारिला. आणि सीब्रेन, जो उजव्या टोकास होता, तो दोन दांड्यांमध्ये चुन्याच्या रेषेवर येऊन पोचला आणि चेंडू त्याचे तोंडावर बसला. चेंडू वर उडाला आणि जाळ्याचे पलीकडे पडला. सीब्रेन खाली पडला. शिटी वाजली.

राज्य राहिले.

लोकांनी कुंपण मोडले आणि मैदानात शिरले. तांबड्या निशाणांच्या लोकांनीही टाळ्या दिल्या. टीत्स्केबाई खुर्चीवर बसल्या आणि तीस वर्षे लिलाव पुकारलेला आवाज त्यांस सापडेना. डाउवे वेशीत उताणा पडून आभाळाकडे पाहात होता आणि जो जवळ येईल त्यास म्हणत होता, "मी म्हणालो होतो, मला भिंत चालेल."

आणि सीब्रेन गर्दीतून सुटून बंधाची पायवाट चढून वर आला. नाक सुजले होते, छातीवर रक्त होते, आणि खांद्यावर तेच फावडे होते. तो हार्मेनरावांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "घ्या. तुमचे आहे."

"उपटले त्याचे आहे."

"शेवटी मी तुमचीच मसलत केली. भिंतच केली."

"शेवटी केलीस," हार्मेनराव म्हणाले. "मी पहिल्यापासून केली असती. मग तुझा गोल जाहला नसता, आणि त्यांचा जाहला असता, आणि आपण बुडालो असतो. हे मला येथून दिसले. खाली बसून दिसले नसते."

सीब्रेन बाहीने नाक पुसू लागला. म्हणाला, "तुम्ही हात का वर केला नाहीत? मी पाहात होतो."

"मीही पाहात होतो."

"आता मी काय करू?"

हार्मेनरावांनी मैदानाकडे बोट दाखविले आणि म्हणाले, "उजवीकडे वेशीपुढे खड्डा पडला आहे. आज बुजविलास तर गवत धरेल." आणि आईची खुर्ची मिटून काखेत घेतली आणि तिला हात दिला, आणि दोघे बंधावरून चालू लागले. काही अंतर गेल्यावर आउक्येबाई म्हणाल्या, "सायकल?"

"आत राहिली."

"नवी होती ना रे?"

"होती."

आणखी थोडे चालले. आउक्येबाई म्हणाल्या, "तुझ्या बापास मी म्हणाले होते, एकदा मागे बघ. त्याने नाही पाहिले. मग रात्री मला विचारीत राहिला, कोणी उपटले, कसे उपटले, काय म्हणाला. जन्मभर विचारीत राहिला." तेव्हा हार्मेनराव थांबले आणि मागे वळून पाहिले. खाली मैदानात लोक नाचत होते, निशाणे फडकत होती, आणि त्या सर्वांमध्ये एका बाजूस, उजवीकडे वेशीपुढे, सीब्रेन बोट्टेमा वाकून खड्ड्यात माती ओढीत होता.

पुढील वर्तमान थोडके. हार्मेनरावांनी डोंगरी मुलुखात जाऊन सरदारी केली, तेथे एक करंडक जिंकिला आणि दोन गमाविले, आणि गुडघ्याने अगदीच नाही म्हटल्यावर काम सोडिले. आपल्या गावच्या मैदानात त्यांनी पुन्हा पाय ठेविला नाही; बंधावर मात्र दर लढाईस येतात, उभे राहतात आणि हात खिशात ठेवितात. सीब्रेनने गाव सोडिले नाही. पुढे तोच सरदार जाहला. कधी भिंत करितो, कधी पुढे धावतो, आणि दोन्हींबद्दल शिव्या खातो. राजधानीने त्यास पुन्हा विचारिले नाही. सायकल टीत्स्केबाईंनी छपराखाली टांगून ठेविली आहे आणि दर साली हंगामाआधी तिच्या चाकांत हवा भरवितात. पाणी वर आहे, राज्य खाली आहे, मध्ये बंध आहे. इतके जाहले, इतके लिहिले.